न पिता चाखलेली काळी बिअर

वर्धा जिल्ह्यात बसून बिअरच्या चवीवर लेख? हो, आणि तोही तळेगाव (श्यामजी पंत) मधून. हसू आलं असेल तर हसून घ्या, मग पुढे वाचा.

तुम्ही नागपूरहून अमरावतीला एसटीने गेला असाल तर आमचं गाव तुम्ही खिडकीतून पाहिलंय. कारंजा (घाडगे) मागे पडलं की तळेगाव लागतं आणि थोडं पुढे गेलं की वर्धा जिल्हा संपून अमरावती जिल्हा सुरू होतो. हद्दीच्या पलीकडे परवाना असलेली दारूची दुकानं आहेत. अलीकडे मात्र सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पूर्ण दारूबंदी आहे. कारण माहीत असेलच. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. गांधीजींच्या जिल्ह्यात दारू नको, असं ठरलं. त्यामुळे आमच्याकडे 'बिअर' हा शब्द पेपरात येतो तो बहुतेक वेळा 'पोलिसांनी जप्त केलेला मुद्देमाल' म्हणूनच.

पण बंदी दुकानावर आहे, फोनवर नाही. पुण्याच्या, गोव्याच्या, बंगळुरूच्या रील्स तुम्हीही बघताच. ग्लासात काळाकुट्ट द्रव, वर बदामी फेस आणि बोलणारा सांगतोय, 'संत्र्याची साल, चीडाचं लाकूड, शेवटी थोडी भाजलेली कॉफी.' दिसतंय डांबरासारखं आणि वास संत्र्याचा? ही बिअर म्हणजे ब्लॅक आयपीए. दोन वेगळ्या जातींच्या बिअर एकत्र आणून केलेली. आमच्या भागातल्या मुलांना हे पटकन कळेल. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात ना, तसाच प्रकार. मुळं एकाची, फळ दुसऱ्याचं.

आता एक गोष्ट आधीच सांगते. मी २२ वर्षांची आहे आणि ही बिअर मी प्यायलेली नाही. का, ते पुढे येईलच. तरी तिची चव समजून घ्यायचा मी प्रयत्न केला आणि तो आमच्या घराच्या ओट्यावर करता आला.

काळी आहे, पण जड नाही

बिअरला मुळात चारच गोष्टी लागतात: सातू, हॉप्स, यीस्ट आणि पाणी. सातू म्हणजे किराणा दुकानातले जव. ते भिजवून, मोड आणून, वाळवले की त्याला माल्ट म्हणतात. माल्ट किती भाजला यावर बिअरचा रंग ठरतो. कमी भाजला तर सोनेरी, खूप भाजला तर काळा. शेंगदाणे, फुटाणे, भाकरी भाजताना जे होतं तेच इथे होतं. उष्णतेने धान्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी खेळतात आणि खमंग वास सुटतो. रसायनशास्त्रात याला मेयार्ड अभिक्रिया म्हणतात. बारावी सायन्सवाल्यांनो, पुस्तकाबाहेरचं उदाहरण सापडलं बघा.

स्टाउट आणि पोर्टर या जुन्या काळ्या बिअर. त्यांची चव कॉफी, चॉकलेटच्या अंगाने जाते आणि घोटही जाडसर लागतो. दुसरीकडे आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. रंग सोनेरी किंवा तांबूस आणि सगळा जोर हॉप्सवर. हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं, हिरव्या छोट्या शंकूंसारखी दिसणारी. ही वेल गांजाच्याच कुळातली, पण नशा तिच्यात नसते. आपल्या देशात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हॉप्सची शेती होते.

हॉप्स बिअरला दोन गोष्टी देतात. सुरुवातीलाच टाकून बराच वेळ उकळले तर कडूपणा येतो. अगदी शेवटी टाकले, किंवा थंड बिअरमध्ये नुसते भिजत ठेवले, तर सुगंध उतरतो. आपण फोडणीत घातलेला कढीपत्ता आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर, यात जो फरक आहे तोच इथेही.

ब्लॅक आयपीएमध्ये रंग काळ्या बिअरचा आणि वास-कडूपणा आयपीएचा. अडचण अशी की माल्ट काळा होईपर्यंत भाजला की तो करपट, राखेसारखा लागायला लागतो आणि हॉप्सचा नाजूक वास त्याखाली दबून जातो. यावर उपाय म्हणून ब्रूअर साल काढलेला काळा माल्ट वापरतात, कारण करपट-तुरटपणाचा मोठा वाटा सालीचा असतो. तोही थोडासाच, बाकी सगळा माल्ट साधा, फिका. रंगाला तेवढा पुरतो. बिअर स्पर्धांच्या परीक्षकांसाठी असलेल्या बीजेसीपीच्या मार्गदर्शिकेत ब्लॅक आयपीएचा कडूपणा ५० ते ९० आयबीयू दिलाय. आयबीयू हे कडूपणा मोजायचं एकक. तुलनेसाठी सांगायचं तर अमेरिकन लागरचा आकडा ८ ते १८ असतो. म्हणजे हे प्रकरण कडू आहेच, पण त्याच मार्गदर्शिकेनुसार ते जड किंवा राखेसारखं लागता कामा नये.

नावातला 'इंडिया' आला कुठून?

अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनमधल्या बो ब्रूअरीचा जॉर्ज हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून मुंबई, कलकत्त्याला पेल एल पाठवायचा. प्रवास काही महिन्यांचा आणि तोही उष्ण समुद्रातून. हॉप्स बिअरला लवकर नासू देत नाहीत, म्हणून अशा बिअरमध्ये ते भरपूर असत. पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावचे ब्रूअर या धंद्यात उतरले आणि १८३० च्या दशकात जाहिरातींत 'ईस्ट इंडिया पेल एल' असं नाव दिसायला लागलं.

यातला मजेदार भाग पुढे आहे. फिकी पेल एल बहुतेक साहेब लोकांच्या टेबलावर जायची. साध्या गोऱ्या शिपायांसाठी मात्र काळी पोर्टर यायची आणि तीही पिंपंच्या पिंपं. आपल्या शेजारच्या कामठीची लष्करी छावणी याच काळातली, १८२१ ची. म्हणजे काळी आणि फिकी, दोन्ही बिअर एकाच देशात येत होत्या, पण दोघींचे ग्लास वेगळे आणि पिणाऱ्यांचा दर्जाही वेगळा.

त्या एका ग्लासात आल्या थेट १९९० च्या दशकात आणि त्याही भारतात नाही, तर अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात. बर्लिंग्टन गावातल्या व्हरमाँट पब अँड ब्रूअरीत ग्रेग नूनन यांनी 'ब्लॅकवॉच आयपीए' केली आणि या प्रकाराचं श्रेय बहुतेक जण तिलाच देतात. पुढे नावावरून भांडण लागलं. पश्चिम किनाऱ्यावरचे, ओरेगॉन-वॉशिंग्टनकडचे लोक म्हणाले, आमच्याकडचे हॉप्स, आमची स्टाइल, म्हणून नाव 'कॅस्केडियन डार्क एल' हवं. २०१० मध्ये तिकडच्या ब्रूअर्स असोसिएशनने 'इंडिया ब्लॅक एल' असा मधला मार्ग काढला. तरी लोकांच्या तोंडी 'ब्लॅक इंडिया पेल एल' हेच राहिलं. काळी फिकी बिअर! काळा दुधाळ चहा म्हणावं, तसंच काहीसं.

महाराष्ट्रात ताज्या, कमी प्रमाणात बनवलेल्या बिअरची सुरुवात पुण्यात झाली. २००९ मध्ये तिथे डूलॅली ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली. नाव विदेशी वाटतं ना? ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत बसलेले ब्रिटिश शिपाई कंटाळून चक्रम व्हायचे, म्हणून इंग्रजीत चक्रमपणाला 'डूलॅली' म्हणायला लागले.

फसतो तो डोळा

आता मुद्द्याची गोष्ट. ही बिअर चाखणाऱ्याची परीक्षा घेते, कारण डोळे एक सांगतात आणि नाक दुसरंच. काळा रंग बघितला की मेंदू आधीच ठरवून टाकतो: कॉफी, जड, करपट. मग संत्र्याचा वास समोर असूनही तो 'ऐकू' येत नाही.

फ्रान्समधल्या बोर्डो इथे वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना पांढरी वाइन दिली, पण तिच्यात चव नसलेला लाल रंग मिसळून. या मुलांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केलं. हे नवखे नव्हते, तुमच्या-माझ्यासारखे अभ्यासक्रमाला बसलेले विद्यार्थी होते. तरी रंगाने नाकाला गुंडाळलं.

आपल्याला हे नवं नाही. सावजीचा काळा रस्सा पहिल्यांदा बघणारा पाहुणा आधी घाबरतो. पहिल्या घासानंतर त्याला कळतं की काळेपणा भाजलेल्या मसाल्याचा आहे, करपल्याचा नाही.

आमच्या ओट्यावरचा प्रयोग

मग मी आणि चार मैत्रिणींनी ठरवलं, की बिअर नाही तर नाही, तिच्यातल्या चवी तर वेगवेगळ्या चाखता येतील! कशातच अल्कोहोल नाही, कायदा मोडत नाही आणि खर्च शंभर रुपयांच्या आत.

पहिली गोष्ट जव. पूजेच्या सामानात मिळतात ते सालासकट असतात आणि किराणात मिळतात ते सोललेले. दोन्ही मूठमूठभर वेगवेगळे, कढईत कॉफीच्या रंगावर भाजले. घरभर वास झाला आणि आई आतून ओरडली, 'काय जाळून रायली वं?' तिचं चुकलं नव्हतं. सालीच्या जवांचा वास खरंच जळक्या काडीसारखा होता. सोललेल्यांचा मात्र फुटाण्यासारखा, खमंग. काळ्या माल्टची साल का काढतात, हे वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं या दोन कढयांनी शिकवलं. मग सोललेले जव पाण्यात उकळून, गाळून गार केले. हा झाला पहिला ग्लास.

दुसरी गोष्ट हॉप्सची. ते कारंज्याच्या बाजारात मिळणार नाहीत, पण त्यांच्या वासाचे नातेवाईक आपल्या शेतात आहेत. शाळेत तुम्हीही संत्र्याच्या सालीची पिचकारी मित्राच्या डोळ्यात मारली असेल. त्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं आणि हॉप्सच्या तेलातही ते थोडं सापडतं. हॉप्समधलं दुसरं महत्त्वाचं द्रव्य मायर्सीन. तेच आंब्यातही असतं. कैरीचं देठ तोडल्यावर जो उग्र, राळेसारखा वास येतो तो आठवा. अमेरिकन हॉप्सचं वर्णन करताना लोक चीड, राळ असे शब्द वापरतात ते या अंगाने. कडूपणासाठी मेथीदाणे रात्री भिजवून त्यांचं पाणी घेतलं. थंड सोड्यात दोन चमचे मेथीचं पाणी आणि वरून संत्र्याची साल पिळली. हा दुसरा ग्लास.

तिसऱ्या ग्लासात दोन्ही निम्मे-निम्मे.

तिसरा ग्लास आधी उघड्या डोळ्यांनी चाखला. पाचही जणींचा पहिला शब्द 'कॉफी'. मग ओढणीने डोळे बांधले आणि ग्लासांची अदलाबदल करून पुन्हा चाखायला दिलं. तोच ग्लास आणि आता तिघींचा पहिला शब्द 'संत्रं'! एक म्हणाली, 'आधी संत्रं, मग कडू आणि शेवटी फुटाणे.' तिने न वाचता ब्लॅक आयपीएचं वर्णन क्रमाने सांगितलं होतं. आमचं पेय म्हणजे बिअर नव्हे, हे उघड आहे. यीस्टने आणलेली चव त्यात नाही, माल्टचा गोडवा नाही. पण काळा रंग बाजूला ठेवला की वास कसा वर येतो, हे तिथे दिसलं.

आणखी एक लक्षात आलं. आपल्याकडे यासाठी शब्द आहेत. खरपूस, करपट, खमंग, तुरट, कडसर, उग्र, राळेसारखं. इंग्रजीत 'रोस्टी' म्हणून मोकळे होतात. आपण खरपूस आणि करपट यात फरक करतो आणि याच फरकावर ही अख्खी बिअर उभी आहे. कडूपणाशीही आपलं भांडण नाही. कारलं, मेथी आपण आवडीने खातो आणि वर्षाची सुरुवातच कडुनिंबाच्या पानाने करतो.

'चढली का?' या प्रश्नाबद्दल

हे सगळं कशासाठी, असं विचाराल. तर आपल्या भागात बिअरबद्दल एकच प्रश्न विचारला जातो: 'चढली का?' चवीचा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण चव घ्यायला वेळच नसतो. हद्दीपलीकडून आणलेली बाटली, तीही कोमट झालेली, अंधारात, घाईघाईत, चार जणांत संपवायची आणि नाल्यात फेकायची. मग त्याच हायवेवर गाडीला किक मारायची. हायवेच्या कडेला राहणाऱ्या आम्हाला यानंतरच्या बातम्या पेपरच्या आधी कळतात. दुसरीकडे मोहाची गावठी. पोलिसांची 'वॉश आऊट' मोहीम, इतका सडवा नष्ट, इतके ड्रम फोडले, ही बातमी तुम्ही इतक्यांदा वाचलीय की आता नजर पुढे सरकते.

म्हणून बंदी उठवा, असं मी म्हणत नाही. विदर्भात बंदीची मागणी मोठ्या प्रमाणात बायकांकडून आली. २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका चिमूरहून नागपूरला पायी चालत गेल्या होत्या. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. वाद चालू आहे. मजुरीचे पैसे घरी पोहोचायच्या आधी संपताना ज्यांनी पाहिलंय, त्यांच्यापुढे 'संत्र्याच्या सालीचा सुगंध' वगैरे बोलायला जीभ रेटत नाही. आमच्या याच रस्त्यावर पुढे गुरुकुंज मोझरी आहे, जिथून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव व्यसनमुक्तीचं भजन नेलं. ते सगळं आपल्या अंगणातलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की चव ओळखणं आणि पिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चहाचे टेस्टर दिवसभर चहा चाखतात आणि थुंकतात. वाइनचेही तेच. ते जिभेचं काम आहे, गळ्याचं नाही. चवीकडे लक्ष देणारा माणूस सावकाश होतो. एक घोट, मग थांबणं, मग शब्द शोधणं. घाईत बाटली संपवणाऱ्याला हे जमत नाही. आणि सावकाशपणा शिकायला अल्कोहोल लागत नाही. चिखलदऱ्याची कॉफी, घरचा चहा, आंबिया आणि मृग बहाराची दोन संत्री एवढ्यावरही तो शिकता येतो.

याचं करिअरही होतं बरं का. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रूइंग आणि अल्कोहोल टेक्नॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. नागपूरच्या लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीमध्ये (पूर्वीच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये) फूड टेक्नॉलॉजी आहे. बंगळुरूच्या कॉफी बोर्डाचा कॉफीच्या दर्जावरचा पदविका अभ्यासक्रम आहे. मसाले, चहा, बिस्किटं, ज्यूस बनवणाऱ्या कंपन्यांना प्रशिक्षित जिभा लागतातच.

हिशोब लक्षात ठेवा

• महाराष्ट्रात माइल्ड बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, बाकी सगळ्यासाठी २५. शिवाय परवाना लागतो. ब्लॅक आयपीएमध्ये अल्कोहोल साधारण ५.५ ते ९ टक्के असतं, म्हणजे ती माइल्ड नाही. मी ती का प्यायले नाही, त्याचं उत्तर हे. मला अजून तीन वर्षं आहेत.

• वर्धा आणि गडचिरोलीत वय कितीही असो, दारूची विक्री, वाहतूक आणि बाळगणं गुन्हा आहे.

• 'क्राफ्ट आहे, म्हणजे हलकी' हा गैरसमज. ७ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या पिंटमध्ये सुमारे २३ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिली पेगमध्ये सुमारे २६ मिली. म्हणजे एक पिंट जवळपास एका लार्ज पेगच्या बरोबरीची. तिच्यानंतर गाडी चालवायची नाही, एवढं साधं आहे.

• जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही. ग्लास सुंदर असला तरी हे बदलत नाही.

आता पुढच्या वेळी पुण्याला शिकणारा एखादा दादा सुट्टीत घरी आला आणि काळ्या ग्लासाचा फोटो दाखवून भाव खायला लागला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. वास कशाचा होता? कडूपणा आधी आला की नंतर? शेवटी जे उरलं ते खरपूस होतं की करपट? तिन्हींची उत्तरं आली तर समजा त्याने बिअर चाखली. नाही आली, तर त्याच्यापेक्षा तुमच्या ओट्यावरच्या तीन ग्लासांनी तुम्हाला जास्त शिकवलंय.